पिलाचे न ऐकणे म्हणजे बंड नव्हे



न ऐकणाऱ्या कुत्र्याच्या पिलाला उताणे पाडून दाबून धरावे, हा गतांकातील पत्रलेखकाचा सल्ला ज्या ‘वर्चस्व-सिद्धान्ता’वर, म्हणजे कळपातील स्थान बळजोरीने ठरते या कल्पनेवर, आधारलेला आहे, ती रुडॉल्फ शेंकेल यांच्या बंदिस्त लांडग्यांवरील १९४७च्या निबंधातून रुजली, परंतु रानातील कळप बहुधा आईबाप व पिले यांचे कुटुंबच असते, हे डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडल्यावर तिचा पायाच ढासळला (आणि कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, हे वेगळेच). चार ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे दात पडून पक्के दात येताना पिलू चपला चावते, त्यात बंडखोरी शोधणे व्यर्थ होय. योग्य वर्तन घडताच तत्क्षणी खाऊ देणे, म्हणजेच ‘सकारात्मक प्रबलन’, अधिक फलदायी ठरते. उशिरा दिलेल्या शिक्षेचे कारण पिलाला उमगत नाही.

– एक वाचक