फोकस सरकतो, चौकटही बदलते
मॅक्रो छायाचित्रणात १:१ प्रमाणावर, म्हणजे वस्तूची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराइतकीच उमटत असताना, एफ/८ अ‍ॅपर्चर ठेवूनही स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. त्यामुळे माशीचा संयुक्त डोळा आणि पाठीवरचे राठ केस एकत्र रेखीव आणायचे, तर फोकस थोडाथोडा सरकवत अनेक छायाचित्रे टिपून त्यांतले स्पष्ट भाग संगणकावर जोडावे लागतात, यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात. अडचण अशी, की फोकस बदलताना बहुतेक लेन्सचा दृश्यकोनही किंचित बदलतो, म्हणजेच फोकस ब्रीदिंग होते, आणि प्रत्येक छायाचित्रात माशी वेगळ्या मापाची पडते. झिरीन स्टॅकरसारखे सॉफ्टवेअर ही मापे जुळवून घेते, मात्र त्यात कडेचा पट्टा वाया जातो, म्हणून चौकट मुळातच सैल ठेवलेली बरी. ब्रीदिंग टाळण्यासाठी अख्खा कॅमेराच रुळावर सरकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धवट आहे. कॅमेऱ्याबरोबर लेन्सचा दृष्टिबिंदूही सरकतो, पुढचा केस दर वेळी डोळ्याच्या निराळ्या भागाआड येतो, आणि ही चूक माप बदलून दुरुस्त होत नाही. १:१ पर्यंतच्या कामात फोकसची कडी फिरवणेच बहुधा सरस ठरते. रूळ खरा उपयोगी पडतो तो त्याहून मोठ्या विवर्धनाला.