वजन आपोआप उतरते तेव्हा

मुलगा वा मुलगी परदेशी गेली की आईचे पहिले वाक्य ठरलेले असते: "किती वाळलास रे!" व्हिडिओ कॉलवर हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यातील माया खरी असूनही त्यातून काही कळत नाही. बारीक झालेला तेच ऐकतो, न झालेलाही तेच ऐकतो. दुसरीकडे, सडपातळ होणे हा आजच्या काळात कौतुकाचा विषय झाला आहे. ऑफिसातील सहकारी "छान दिसतोस" म्हणतात, घरचे "तिकडचे हवापाणी मानवले नाही" म्हणतात, आणि या दोहोंच्या मध्ये एखादा खरा आजार महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहतो. म्हणून या वेळी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या विशी-तिशीतील मंडळींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा विषय घेत आहोत.

आम्ही डॉक्टर नाही. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करणारे आहोत. पण अंदाज बांधण्याआधी नोंद पाहावी, ही आमच्या व्यवसायाची शिस्त येथेही उपयोगी पडते. खाणेपिणे वा व्यायाम मुद्दाम न बदलता ६ ते १२ महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, तर त्याचे कारण शोधणे आवश्यक मानले जाते. ६० किलोच्या माणसाच्या बाबतीत ही मर्यादा ३ किलोंची आहे. घरात वजनकाटा नसेल तर सैल झालेली पँट आणि पट्ट्याला पाडावे लागलेले नवे भोक हीदेखील नोंदच होय.

कारणे अनेक असतात. वजनासोबत आणखी काय बदलले आहे, यावरून त्यांचा माग लागतो.

सर्वांत तातडीचे कारण म्हणजे टाइप १ मधुमेह. हा केवळ लहान मुलांचा आजार आहे, असा समज चुकीचा आहे. तो विशीत-तिशीतही प्रथम प्रकट होऊ शकतो. खूप तहान, वारंवार लघवी, कमालीचा थकवा आणि घटणारे वजन ही लक्षणे एकत्र दिसली, तर त्याच दिवशी जीपीकडे जावे. बोटाच्या टोकावरील रक्ताचा एक थेंब काही क्षणांत उत्तर देतो. त्यात उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास किंवा गुंगीची भर पडली, तर जीपीची वाट न पाहता ९९९ला फोन करावा.

भूक उत्तम, जेवण भरपूर आणि तरीही वजन उतरते, सोबत छातीत धडधड, हातांना कंप, घाम आणि उकाडा सहन न होणे, असे चित्र असेल तर थायरॉइडची ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत असण्याची शक्यता असते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आढळते. साध्या रक्तचाचणीने निदान होते आणि औषधेही उपलब्ध आहेत.

पोट वारंवार बिघडणे, जुलाब, शौचावाटे रक्त, पोट फुगणे ही लक्षणे आतड्यांकडे बोट दाखवतात. क्रोन्स व सिलिॲक हे आजार तरुण वयात आढळतात. सिलिॲकमध्ये गव्हातील ग्लुटेन सोसत नाही. गावी ज्वारीच्या भाकरीवर आणि भातावर वाढलेल्या माणसाचा येथे ब्रेड-पास्त्यावर दिवस जातो, तेव्हा हा बदल डॉक्टरांना आवर्जून सांगावा. मात्र चाचणीपूर्वी गहू सोडू नये. सोडल्यास चाचणी फसवे उत्तर देऊ शकते.

आता टीबीविषयी. हे नाव आपल्या घरांत आजही दबक्या आवाजात घेतले जाते. टीबीचे जंतू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात आणि देश सोडल्यानंतर कित्येक वर्षांनी जागे होऊ शकतात. व्हिसासाठी काढलेला छातीचा एक्स-रे सुप्त टीबी दाखवत नाही. लहानपणी टोचलेली बीसीजी मोठेपणी पुरेसे संरक्षण देतेच असे नाही. शिवाय टीबी फक्त फुप्फुसांचा नसतो. मानेतील गाठी, आतडी, मणका येथेही तो होतो, आणि तेव्हा खोकला असेलच असे नाही. रात्री अंथरूण भिजवणारा घाम, बारीक ताप, मंदावलेली भूक आणि उतरणारे वजन एवढ्यावरही संशय घ्यावा. साधारणपणे ६ महिन्यांच्या औषधोपचाराने तो बरा होतो आणि व्हिसा कोणताही असला तरी एनएचएसमध्ये हा उपचार मोफत आहे.

खरी अडचण औषधांची नाही, लपवण्याची आहे. "लग्न जमायचे आहे, कुठे बोलू नका" या वाक्याने उपचार लांबतात. काही घरांत रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढला जातो. टीबी भांड्यांतून पसरत नाही. फुप्फुसाच्या टीबीचे जंतू हवेतून पसरतात, आणि उपचार सुरू झाल्यावर बहुधा दोनेक आठवड्यांत ती शक्यताही मावळते. वेगळ्या कपाचा अर्थ काय असतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. निदान आपल्या स्वयंपाकघरात तरी तो कप पुन्हा येऊ नये.

मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ आणि सोबत ताप, घाम असेल तर लिम्फोमा या कर्करोगाचीही तपासणी करावी लागते. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही; तरुणांमध्ये आढळणारा हॉजकिन लिम्फोमा बहुतेक वेळा बरा होतो, पण वय कमी म्हणून तपासणी टाळू नये.

काही कारणे रक्तचाचणीत सापडत नाहीत. नैराश्यात अन्नावरची वासना उडते. जेवणाविषयीचे विकार मुलींप्रमाणे मुलांनाही होतात. काही औषधांनी भूक मरते. आणि एक कारण आपण उघड बोलत नाही: शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि खोलीचे भाडे भागवण्यासाठी रात्रपाळी करून एका वेळच्या जेवणावर राहणारे विद्यार्थी. घरी फोनवर ते "जेवलो" असेच सांगतात. अशा मुलाला किंवा मुलीला सल्ल्याआधी रविवारच्या जेवणाचे आमंत्रण द्यावे. मन फार खचले असेल तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

जीपीकडे वेळ थोडा मिळतो, म्हणून जाताना कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात: आधीचे व आताचे वजन तारखांसह, सोबतची लक्षणे, भारतातून कधी आलो व शेवटचे कधी जाऊन आलो, घरात कोणाला टीबी, थायरॉइड वा मधुमेह होता का, आणि चालू असलेली सर्व औषधे, गावाहून आलेली चूर्णे व टॉनिकेही. इंग्रजीत बोलणे जड जात असेल तर दुभाषा मागता येतो. पहिल्या तपासण्यांत काही निघाले नाही तरी वजन उतरतच असेल, तर पुन्हा जावे. कारण न सापडणे आणि कारण नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आईवडिलांना आमची एवढीच विनंती: "वाळलास रे" जरूर म्हणा, पण त्यापुढे "वजन किती भरले?" हेही विचारा. आणि मुलांनो, आकडा खरा सांगा.

सप्रेम जय भीम.