जुन्नरचा बिबट्या यावलच्या माथी



पेपरात फोटो येतो. विहिरीतून काढलेला बिबट्या, पिंजरा, पिंजऱ्याभोवती साहेब लोक. खाली ओळ असते : ‘बिबट्याला जीवदान, नैसर्गिक अधिवासात मुक्तता.’ विहीर कोणाची, दोर कोणाचा, रात्रभर बत्ती धरून काठावर कोण उभे होते, हे छापून येत नाही. ते जाऊ द्या, फोटोची हौस आपल्याला नाही. विचारायचे एवढेच, की हा ‘नैसर्गिक अधिवास’ कोणाच्या शिवाराला लागून आहे?

आपल्या लागून आहे, हे त्याचे उत्तर. आणि ते फुकाचे बोलणे नव्हे.

पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे धरणे झाली, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. लोक ओरडले. सरकारने पिंजरे लावले. धरलेले बिबटे गाडीत घालून दूरच्या जंगलांत सोडून द्यायचे, असा सपाटा लागला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला आहे. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात बिबट्याचे माणसावर हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. उचलून सोडण्याचे काम जोरात सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ या काळात, ते वर्षाला १७ वर गेले. म्हणजे औषध दिले आणि ताप चौपट झाला.

आता आपले ऐका. यातले काही बिबटे शेकडो किलोमीटर लांब आणून आपल्या यावल अभयारण्यात सोडले गेले. त्यानंतर त्या बाजूला माणसांवर हल्ले झाले. पुढे पिंजऱ्यात सापडलेल्या जनावराच्या कातडीखालची चिप वाचली, तेव्हा ते जुन्नरचे निघाले. यावल-रावेरच्या पायथ्याला राहणाऱ्या कास्तकाराला किंवा सातपुड्यातल्या पावरा-तडवी माणसाला कोणी विचारले होते का, की बाबा, तुझ्या उशाला परमुलखातले घाबरलेले, चवताळलेले जनावर आणून सोडू का? पुनर्वसन म्हणे! पुनर्वसन हा शब्द खानदेशाला नवा नाही. धरणाखाली गाव जाते तेव्हा माणसाचेही असेच होते. उचलायचे, कुठेतरी टाकायचे, कागदावर सही घ्यायची.

जनावरालाही गाव असते. नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ साली विहिरीत एक म्हातारा बिबट्या पडला. त्याला काढले, गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. तो तिथे थांबलाच नाही. रस्ते, रेल्वे, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या बाजूला गेला. त्याचे नाव ‘आजोबा’ पडले, त्याच्यावर २०१४ साली सिनेमाही निघाला. वाटेत त्याने कोणाला ओरखडा काढला नाही, हे त्याचे मोठेपण. पण सगळेच काही आजोबा नसतात. आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येऊन बसतो तो वेगळाच. आता केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात, की बिबट्याला असे दूर नेऊन सोडणे टाळावे. एवढे कळायला आपल्या लेकरांवर धाडी पडाव्या लागल्या.

मग काय, मरू द्यायचे? ‘पडले तर पडले, एक तरी कमी झाले’ असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांचा राग मला कळतो. रात्रीतून रोह्यांचा कळप कपाशीतून जातो आणि सकाळी नुसत्या पऱ्हाट्या उभ्या असतात. दादर हुरड्यात आली की डुकरे आडवी करतात. २०१७ च्या शेवटी चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. तेव्हा त्या गावांत बायका कापूस वेचायला जात नव्हत्या. त्या दिवसांत कोणी भूतदयेवर प्रवचन द्यायला आला असता, तर त्याला मीच वाटेला लावले असते.

तरीही विहिरीत तडफडणारे जनावर पाहून आपला माणूस झोपत नाही, हे खरे आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या शिवारात कोरड्या विहिरीत रोह्याची मादी पडली. पाण्याच्या वासाने आली असेल. विहिरीला कठडा नाही, कारण कठड्याचे पैसे कधी जमलेच नाहीत. संबंधित कचेरीत फोन केला. साहेब मीटिंगला. पुन्हा केला. गाडी नाही. शेवटी आम्ही बारा-तेरा जणांनी बाज दोराला बांधून खाली सोडली, दोन पोरे उतरली, एकाच्या बरगडीत लाथ बसली, पण मादी वर आली. उठली, थरथरली आणि माझ्याच कपाशीतून पळाली! दुसऱ्या दिवशी गाडी आली. जबाब झाला. जनावराला इजा झाली का, कोणी केली, दोर कोणाचा. तीन हेलपाटे मला झाले. बरगडी मोडलेल्या पोराची मात्र कोणी विचारपूस केली नाही.

हा कायदा नीट समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३९ म्हणते, की मेलेले सापडलेले किंवा बेकायदा धरून ठेवलेले जंगली जनावर ही सरकारची मालमत्ता. ते हाती आले तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवले पाहिजे. मेले की सरकारचे. जिवंत असताना दादर खाते तेव्हा ते कोणाचे? मालक म्हणून मिरवायचे असेल तर मालकाचा खर्चही उचला. जीव वाचवायला स्वतःहून पुढे आलेल्या माणसाला आरोपीसारखे उभे करू नका. लोक गुपचूप खड्डा खणून मोकळे होतात ते याच भीतीने.

आता आपल्या घरातलेही थोडे. दादर कापताना हरणाचे पाडस एकटे बसलेले दिसते आणि दया येऊन आपण ते घरी आणतो. ते अनाथ नसते. हरीण पिलाला गवतात, पिकात लपवून चरायला जाते, दूध पाजायला परत येते. आपण उचलले म्हणजे आपणच त्याला अनाथ केले. बाटलीने वाढवलेले पाडस पुढे जंगलात टिकत नाही आणि घरात ठेवले तर गुन्हा. रानमांजराची पिले बिबट्याची समजून गावभर फिरवतात, तीही तशीच. जुन्नर-नाशिककडे ऊसतोडीत खरोखर बिबट्याची पिले सापडतात. तिथे आता ती टोपलीत घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, माणसे लांब सरकतात, आणि बहुतेक वेळा आई रात्रीतून घेऊन जाते. खरे पुनर्वसन ते. गाडी नको, पिंजरा नको, शे-दोनशे कोस नको. वावराच्या मालकाने दोन दिवस तोड थांबवली की झाले. त्या दोन दिवसांची मजुरी मात्र त्याला मिळाली पाहिजे.

दुसरे, कुंपणात वीज सोडणे बंद करा. डुकरासाठी लावलेल्या तारेला शेजारचा सालदार चिकटून मरतो, तेव्हा कुठलाही मेळावा त्याच्या घरच्यांना तोंड दाखवू शकत नाही.

जिल्हा मेळाव्यात आपण मागायचे ते असे. बाहेरचे कुठलेही हिंस्र जनावर यावल, अनेर, गौताळ्याच्या हद्दीत सोडायचे असेल तर आधी लगतच्या ग्रामसभांना लेखी कळवा. विहिरीच्या अनुदानात कठड्याचा खर्च वेगळा धरा आणि जुन्या विहिरींनाही द्या. प्रत्येक तालुक्याला जाळे, पिंजरा, गाडी आणि भूल देणारा डॉक्टर रात्रीही हजर ठेवा. जनावर वाचवणाऱ्याला त्याच दिवशी पावती द्या, दोर-बाज-मजुरीचे पैसे द्या, आणि जखमी झाला तर दवाखान्याचा खर्च.

वनखात्याचा फोन क्रमांक १९२६ आहे. लावाल तेव्हा वेळ लिहून ठेवा, कोण बोलले तेही लिहा, आणि गाडी किती वाजता आली तेही. मेळाव्याला येताना ती वही आणा. सोबत आपल्या शिवारातल्या बिनकठड्याच्या विहिरींची यादी, गट नंबरासह. आमच्या गावची १९ विहिरींची यादी तयार आहे.