सिकलसेल : निदान जन्मापाशीच व्हावे

भिलाई : सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार अनेक देशांत दुर्मीळ गणला जातो. छत्तीसगड आणि लगतच्या विदर्भात मात्र तो सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ केला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, ही तिची उद्दिष्टे आहेत. या मोठ्या आकड्यांत नवजात अर्भके निसटण्याची भीती आहे.

त्याचे कारण विकाराच्या स्वरूपातच आहे. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक असते आणि ते तांबड्या पेशींना विळ्याचा आकार घेऊ देत नाही. त्यामुळे बाधित बाळ सुरुवातीला निरोगी दिसते. चौथ्या ते सहाव्या महिन्यानंतर हे कवच विरू लागते. हातापायांना येणारी वेदनादायक सूज ही पुष्कळदा पहिली खूण असते. ती साधी दुखापत समजली जाण्याचा संभव असतो. पानथरीत अचानक रक्त साचल्यास काही तासांत जीव धोक्यात येतो. न्यूमोकोकस जंतूंचा संसर्ग तितकाच घातक ठरतो. पुढे फुप्फुसे, मेंदू, मूत्रपिंडे आणि हाडेही विकाराच्या कक्षेत येतात.

शिबिरांत वापरली जाणारी स्वस्त सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांखालील बाळांत भरवशाची नाही. तेथे एचपीएलसीसारखी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणीच हवी. निदान झाल्यावरचा उपाय मात्र साधा आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात नियमित पेनिसिलिनमुळे बालकांतील न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे औषध तिसऱ्या महिन्यापूर्वी सुरू व्हावे लागते. लक्षणांची वाट पाहिली, तर ही संधी हुकते.

आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळ बाधित असण्याची शक्यता २५ टक्के असते. मोहिमेतील सिकलसेल कार्डामुळे विवाहापूर्वी सल्ला देता येतो. जन्मलेल्या बाळाला त्याचा उपयोग नाही. गरोदरपणातील तपासणीत वाहक आढळलेल्या मातेच्या बाळाची जन्मताच चाचणी करणे, ही किमान पायरी ठरावी.

भिलाईसारख्या नगरात हे अशक्य नाही. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने देशभरातील कुटुंबे येथे वसली. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय, दुर्गचे जिल्हा रुग्णालय आणि रायपूरची राज्य शासनाची सिकल सेल संस्था एकाच पट्ट्यात आहेत. बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवता येतात. खरी कसोटी पुढे आहे : अहवाल वेळेत कुटुंबापर्यंत पोहोचणे आणि औषध अखंड मिळणे. मोहिमेचे यश वाटलेल्या कार्डांइतकेच तिसऱ्या महिन्यापूर्वी उपचार मिळालेल्या बाळांच्या संख्येवरही मोजले गेले पाहिजे.