घरातलं केस कापायचं मशीन गोठ्यात नको

आज पिकाचं काही नाही. पाचशे-सातशे रुपयांच्या केस कापायच्या मशीनबद्दल लिहितोय, कारण विषय शेवटी गोठ्यापर्यंत जातो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सलून बंद पडले तेव्हा गावात बऱ्याच घरांत हे मशीन आलं आणि राहिलं. चांगलंच झालं. पोरांची शाळेची कटिंग घरी होते, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची सोय होते. नाभिक बांधवांनी राग मानू नये, लग्नकार्य आलं की सगळे तुमच्याच खुर्चीत बसतात.

पण वर्षभरात "स्वस्तातलं होतं, गेलं" म्हणून हेच मशीन कोनाड्यात पडलेलं दिसतं. मला हे पटत नाही. बहुतेक वेळा मशीन गेलेलं नसतं, पातं कोरडं पडलेलं असतं. कडबाकुट्टी आठवा. एक पातं स्थिर, दुसरं फिरतं, दोघांत फट पडली की कडबा तुटत नाही, चेंबतो. इथंही तेच. एक पातं स्थिर, दुसरं त्यावर घासत डावं-उजवं पळतं. मध्ये केस आणि कोंडा साचला की मशीन केस कापत नाही, ओढतं. पोरगं ओरडतं आणि आपण म्हणतो पातं बोथट झालं.

कापून झालं की ब्रशने केस झाडा. मशीन चालू करून पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एकेक थेंब तेल सोडा, थोडं फिरू द्या, वरचं तेल फडक्याने पुसा. तेल शिलाई मशीनचं, पातळ. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं आणि पातं चिकटतं. जळालेलं इंजिन ऑइल तर मुळीच नको, माणसाच्या कातडीला लागणारी वस्तू आहे ती. केस धुऊन पूर्ण वाळवूनच कापा. रानातून आलेल्या डोक्यात माती असते आणि माती म्हणजे पात्याला सॅंडपेपरच. पातं खोलून परत बसवताना फिरतं पातं स्थिर पात्याच्या दातांपेक्षा साधारण एक मिलिमीटर मागेच राहिलं पाहिजे. बरोबरीत किंवा पुढं आलं की कातडी कापलीच म्हणून समजा.

वायरवालं जुन्या पद्धतीचं मशीन असेल आणि ते खडखड करत असेल तर फेकू नका. व्होल्टेज कमी-जास्त झालं की त्याचा आवाज बदलतो. बऱ्याच मशीनला बाजूला एक स्क्रू असतो, तो खडखड थांबेपर्यंत हळूहळू फिरवा.

आता गोठ्याकडे. म्हशी भादरायला, कासेवरचे लांब केस काढायला, जखमेभोवतीची जागा साफ करायला घरातलंच मशीन नेलं जातं. कासेचे केस काढणं चांगलंच आहे, शेण-माती कमी चिकटते, दूध स्वच्छ निघतं. पण माणसाच्या केसांसाठी केलेलं हे छोटं मशीन म्हशीच्या राठ, मातीने भरलेल्या केसांत तापतं आणि दात लवकर झिजतात. हे नुकसान पाचशेचं आहे, त्याचं मला एवढं काही नाही.

मला काळजी आहे ती गजकर्णाची. थंडीत वासरं दाटीवाटीने बांधली की डोळ्याभोवती, तोंडावर, मानेवर राखाडी पापुद्र्याचे गोल चट्टे येतात. ही बुरशी आहे आणि ती जनावरातून माणसाला लागते. धार काढणाऱ्याच्या हातावर, वासराशी खेळणाऱ्या पोराच्या डोक्यावर. तिचे बीजाणू गळलेल्या केसांत आणि पापुद्र्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. तेच केस पात्याच्या दातांत अडकून तुमच्या घरात आले, तर पुढच्या रविवारी पोराच्या टाळूवर ते तुम्ही स्वतःच फिरवणार. चट्टा असलेल्या वासरावर तर मशीन फिरवूच नये, एका जागचा चट्टा अंगभर पसरतो. आधी पशुवैद्यकाला दाखवा.

घरात कुणाला चट्टा उठला तर दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. चार दिवस खाज थांबते, चट्टा फिका दिसतो, आत बुरशी पसरत राहते आणि मग साधं औषधही लवकर लागू होत नाही. मांडीतली, कमरेची खाज आज वाड्या-वस्त्यांवर किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे, लाजेपोटी कुणी बोलत नाही एवढंच. त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

काही जण म्हणतील, डेटॉलमध्ये बुडवलं की झालं. नाही होत. मशीन पाण्यात बुडवलं तर मोटर जाईल, आणि वरवर पुसून बीजाणू हमखास मरतात असं नाही. माणसा-माणसांतही तेच. गार्ड न लावता शून्यावर मारताना बारीक चिरा पडतात, आणि कावीळ-ब चा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. म्हणून भाऊकीत एकच मशीन फिरवण्याची आपली सवय मला आवडत नाही. द्यायचंच असेल तर आधी पातं काढून झाडा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या, मग तेल.

गोठ्याला वेगळं मशीन ठेवा. नवं घ्यायची गरज नाही, घरातलं जुनं झालं की ते कायमचं तिकडं द्या, त्यावर लाल टेप गुंडाळा आणि गोठ्यातच खिळ्याला टांगा. तिथं आधी निरोगी जनावरं, दुखणाईत सगळ्यात शेवटी. पडलेले केस शेणखतात नका टाकू, गोळा करून जाळा. आणि बॅटरीवालं असेल तर पूर्ण उतरलेलं सहा महिने टांगून ठेवू नका, अर्धं चार्ज करून ठेवा. नाहीतर पोळ्याच्या आदल्या दिवशी ते चालू होणार नाही आणि घरातलंच परत गोठ्यात जाईल.