कुत्र्याची जात विचारणारे वारकरी



चैत्री एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सिंहगड रस्त्यावर राहणारे एक माळकरी गृहस्थ घरी आले. पाया पडले, इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग म्हणाले, "महाराज, नातू आठ वर्षांचा झाला. कुत्रं पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलाय. कोणत्या जातीचं घ्यावं?" लगेच खिशातून मोबाइल काढून चित्रे दाखवू लागले. निळ्या डोळ्यांचे हस्की, चपट्या नाकाचे पग, पिवळसर लॅब्राडोर. किमती ऐकल्या तेव्हा मनात आले, एवढ्यात आमच्या दिंडीचा चार दिवसांचा शिधा निघाला असता. वर म्हणाले, "याची वंशावळसुद्धा कागदावर मिळते."

तो कागदच मला टोचला. पंढरपुरात महाद्वारी नामदेवरायांची पायरी आहे आणि तिथेच चोखोबांची समाधी आहे. आपण दोन्हीकडे माथा टेकतो. जात-कूळ बाहेर ठेवून आलो, असे कीर्तनात छातीवर हात ठेवून सांगतो. माणसाची जात निदान तोंडाने तरी विचारायची नाही, एवढे आपल्याला साधले. मुक्या जिवाची मात्र सात पिढ्यांची विचारतो, आणि तीही आठ वर्षांच्या पोरासमोर! ते पोर काय शिकेल? जीव बाजारात मिळतो, महागाचा तो चांगला आणि दारात फुकट बसलेला तो हाकलायचा, हेच.

बरे, ज्यासाठी एवढे पैसे मोजायचे त्या जिवाचे तरी सुख बघावे. हस्की सायबेरियातले, बर्फावरून गाडी ओढणारे. अंगावर केसांचा दुहेरी थर. चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा चाळिशीजवळ जातो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्याने काय करावे? पगचे नाक माणसानेच पिढ्यान्पिढ्या निवड करून चपटे केले. उन्हात त्याला नीट श्वास घेता येत नाही. 2003 च्या सुमारास दूरदर्शन संचावर हच कंपनीची जाहिरात लागायची, लहान मुलाच्या मागे मागे जाणाऱ्या पगची. घरोघरची पोरे त्यावरून पग मागू लागली. त्याची धाप जाहिरातीत कोणी दाखवली नाही.

आमच्याच इमारतीत एकांनी लेकीच्या वाढदिवसाला असे केसाळ पिल्लू आणले होते. दीड वर्षाने ते दिसेना. विचारले तर म्हणाले, नदीपात्रात सोडले, तिथे खायला मिळते. लेक खिडकीत उभी होती.

आता तुमच्यापैकी काही जण मान डोलावत असतील, की आम्ही सोवळ्यातले, आमच्या घरी कुत्रे नाहीच. थांबा, तुमच्याशीही बोलायचे आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट तुम्हाला मी सांगावी असे नाही. रिंगणात माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. धर्मराज स्वर्गाच्या दारात अडून बसला तो कुत्र्यासाठी, हे महाप्रस्थानिक पर्वात आहे. हे सारे मान्य, पण उंबऱ्यात कुत्रे आले की विटाळ!

मी तरी कोण मोठा? एका गावी सप्ताहात हीच नामदेवरायांची गोष्ट रंगात आली होती. तेवढ्यात मांडवात एक खरजेने केस गेलेली कुत्री शिरली. मीच टाळकऱ्याला खूण केली. त्याने चप्पल फेकून मारली, ती केकाटत गेली, लोक हसले. मीही हसलो, आणि पुढच्या वाक्याला नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले. त्याला तीस वर्षे झाली असतील. ते केकाटणे मला अजून ऐकू येते.

म्हणून त्या गृहस्थांना म्हणालो, आधी बोटांवर हिशोब करा. कुत्रे बारा-तेरा वर्षे जगते. नातू वीस-एकवीस वर्षांचा होऊन शिकायला बाहेर पडेल, तेव्हा ते म्हातारे होऊन तुमच्या पायाशी बसलेले असेल. त्याची शी-शू कोण काढणार? नातू नव्हे, तुम्ही आणि सूनबाई. तुमची तयारी नसेल तर नातवाला नाही म्हणा. पोराला नाही म्हणणे हे जीव आणून सोडून देण्यापेक्षा बरे.

तयारी असेल तर दुकान कशाला? आपले गावठी पिल्लू घ्या. आखूड केसांचे, इथले ऊन-पाऊस पिढ्यान्पिढ्या सोसलेले. पण दिसले की उचलले, असे करू नका. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. विक्रीच्या पिल्लांसाठी सरकारच्या 2017 च्या नियमांतही तेच आहे. त्याची आई माणसांत कशी वागते ते पाहा. कोपऱ्यात थरथरणारे नको, दात विचकून अंगावर येणारेही नको. नातवाला जमिनीवर शांत बसवा आणि जे आपणहून येऊन त्याचा हात हुंगेल ते घ्या. निवड थोडी त्यालाही करू द्या की!

चावले तर, हा प्रश्न खरा आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचत नाही, तिथे श्रद्धेचा उपयोग नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस द्यायची आणि पुढे ती चुकवायची नाही. महापालिकेचा परवाना काढायचा, वेळेवर नसबंदी करायची. दात लागलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन थेट दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसायचे नाही. आणि पोराला पहिला धडा हा, की ते खात असताना आणि निजलेले असताना हात लावायचा नाही. मोठे माणूस जवळ नसेल तर दोघांना एकत्र सोडायचे नाही.

गृहस्थ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पण महाराज, गावठी कुत्रं घेऊन सोसायटीत फिरायचं म्हणजे लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा रात्री जेवणे झाल्यावर नातवाला घेऊन भवानी पेठेत, नाना पेठेत एक चक्कर मारा. पत्रावळींच्या ढिगाशी कोण बसलेले असते ते त्याला दाखवा. त्याला काय वाटते ते विचारा, लोकांचे नंतर बघू.

आषाढीनंतर सांगतो म्हणाले. अजून आलेले नाहीत.