तबकडीवरचें नांव आणि आंतलें नांव

वस्तूवर नांव कोणाचें असावें? ती घडविणाऱ्याचें, कीं विकणाऱ्याचें? कांहीं घरांच्या कपाटांत लांबट चौकोनी आकाराचें, रोज चावी द्यावयाचें एखादें जुनें मनगटी घड्याळ अजून जपलेलें असतें. तबकडीवर जवाहिऱ्याचें नांव असतें. आणि घड्याळजीनें मागचें झाकण उघडलें, कीं आंतल्या यंत्रावर भलतेंच नांव निघतें. मग 'आपल्या आजोबांस कोणी फसविलें कीं काय', अशी शंका येते. ती बहुधा निराधार असते, इतकें आज आम्हांस वाचकांस सांगावयाचें आहे.

या प्रकारांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पॅरिसच्या कार्तिए यांचें. पतियाळाच्या महाराजांचा रत्नहार १९२८ सालीं ज्या पेढीनें घडविला, ती ही जवाहिऱ्यांची पेढी. लुई कार्तिए यांनीं १९१७ सालीं 'टँक' नांवाच्या घड्याळाची आकृति कल्पिली. रणगाडा वरून पाहिला असतां दोन बाजूंस दोन पट्टे आणि मध्यें चौकोन दिसतो, तशी ती होती. १९१९ सालीं घड्याळ विक्रीस आलें. तबकडीवर नांव कार्तिए यांचें. परंतु यंत्र कोणाचें? एदमों जेगर या यंत्रकाराशीं त्यांनीं १९०७ सालींच करार केला होता, आणि यंत्रें घडत तीं स्वित्झर्लंडांतील डोंगराळ झू खोऱ्यांत, लकुल्त्र यांच्या कारखान्यांत.

हें आंतलें काम हलकें समजूं नये. गोल यंत्र लांबट पेटींत बसविलें तर कोपरे फुकट जातात, आणि यंत्र लहान केलें तर कमान दुबळी होते. म्हणून यंत्रच लांबट घडवावें लागे. लकुल्त्र यांनीं १९२५ सालीं दोन मजली यंत्र तयार केलें; १९२९ सालीं तर अवघें १४ मिलिमीटर लांब व ५ मिलिमीटरांहूनहि अरुंद असें यंत्र सिद्ध केलें. त्यांत ७४ भाग, आणि वजन सुमारें एक ग्रॅम! त्या काळच्या पुष्कळ घड्याळांतील तोलचक्र सेकंदास पांच ठोके, म्हणजे दिवसास ४,३२,००० ठोके देतें. चाकांचे आंस झिजूं नयेत म्हणून तीं माणकांत बसवितात. जवाहिऱ्याच्या नांवाखालचीं खरीं कष्टाळू माणकें अशीं झांकणाआड असतात.

मग जवाहिऱ्याचें नांव खोटें काय? तसें नाहीं. त्यानें आकृति कल्पिली, यंत्र पारखून घेतलें, आणि आपली पत त्यावर गहाण ठेविली. आमच्या संस्कृत व्याकरणानें हा वाद केव्हांच मिटविला आहे. यज्ञदत्त देवदत्ताकडून भात शिजवून घेतो, तेव्हां यज्ञदत्त हा प्रयोजक कर्ता आणि देवदत्त हा प्रयोज्य कर्ता. करविणाराहि कर्ता, करणाराहि कर्ता. व्याकरण दोघांपैकीं कोणाचेंहि कर्तृत्व हिरावून घेत नाहीं. व्यवहार मात्र पुष्कळदां हिरावून घेतो.

घरांतलीच गोष्ट पाहा. एकत्र कुटुंबाच्या प्रमुखास आपण 'कर्ता' म्हणतों. दारावरील पाटी त्याच्या नांवाची, कार्याच्या निमंत्रणपत्रिकेंत नांव त्याचें. तें योग्यच आहे. जबाबदारी त्याच्या शिरावर असते. परंतु त्या कार्याचे लाडू ज्यांनीं वळले, पंगती ज्यांनीं उठविल्या, त्या काकू, आत्या, भावजया कोणत्या पत्रिकेंत असतात? दिवसाचे लाखों ठोके त्यांचे, नांव तबकडीवरचें.

यास्तव ज्यांच्या घरीं असें घड्याळ असेल, त्यांस आमची सूचना अशी. तबकडी फिकट झाली म्हणून ती नव्यानें रंगवूं नका. त्यानें मूळ नांव व मोल दोन्हीं जातात. चौकोनी पेटीचें झांकण बहुधा नुसतें दाबून बसविलेलें असतें, त्यामुळें दमट हवा लवकर आंत शिरते. पावसाळ्यांत तें कोरड्या जागीं ठेवा आणि कांहीं वर्षांनीं जाणत्या घड्याळजीकडून साफ करून घ्या. तो झांकण उघडील तेव्हां आंतलें नांव वाचून घ्या, आणि एका चिठ्ठीवर दोन्हीं नांवें लिहून ती घड्याळाच्या डबींत ठेवा. तें मनगटावर कोणी बांधलें, आणि रोज आठवणीनें चावी कोणी दिली, हेंहि त्याच चिठ्ठीवर लिहावें. नातवंडांस तेवढें तरी ठाऊक असावें.